एका रेषेत उभे राहा

१ जानेवारी

आमच्या घरात सगळ्यांना सूर आहे, मग तो माझ्याच वाट्याला का आला नाही? या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. मी पदवीधर आहे, घरातली पहिलीच, तरीही नाही देता येत. आई म्हणते, तुझ्या वेळी बॉयलर बिघडला होता, लॉन्ड्री बंद होती, घरात कुणी गातच नव्हतं. हे काही शास्त्रीय कारण नव्हे.

संकल्प: ज्याला गाता येत नाही त्याने गाणाऱ्यांना पुढे न्यावं. आजपासून मी आमच्या घरच्या गायनाची मॅनेजर. घरी अजून सांगितलेलं नाही. दुसरा संकल्प, ही रोजनिशी रोज लिहायची.

६ जानेवारी

रोज लिहिणं जमलं नाही. विचार मात्र रोज केला.

आज घरी सांगितलं. चादरींच्या वेळी सांगितलं, कारण तेव्हा सगळे एका जागी सापडतात. आमच्या लॉन्ड्रीत हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी येतात. मोठ्या चादरीला चार कोपरे आणि कोपऱ्यांना चार माणसं: आई, बाबा, दादा आणि धाकटी टिटवी. (जन्मल्या जन्मल्या इतक्या वरच्या पट्टीत रडली की नर्सनेच टिटवी म्हटलं. तेच राहिलं.) गाणं चालू असेतो हात चालतात. गाणं थांबलं की हात थांबतात आणि ओली चादर जमिनीला टेकते. म्हणून चौघांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. समोरच्याचे खांदे वर गेले की आपण गात राहायचं, ते खाली आले की आपण श्वास घ्यायचा. त्यामुळे गाण्याला कुठे शिवण दिसत नाही. मी कोपरा धरला की घडी तिरकी येते. म्हणून मी काउंटरवर असते.

दादाने विचारलं, मॅनेजर म्हणजे नक्की काय करणार? मी म्हटलं, दिशा देणार. तो म्हणाला, मग प्राचार्यबाई, आधी त्या टेबलाखालच्या टॉवेलांना दिशा द्या, सकाळपासून वाट बघतायत. आईला हसू आवरेना. बाबा म्हणाले, शिकलेली आहे, करू दे तिला. टिटवी म्हणाली, ताई, मला चालेल, पण स्टेजवर निळा ड्रेस हवा.

टॉवेल उद्या करीन.

२१ जानेवारी

लायब्ररीत बसून पॉप आणि सोल या प्रकारांचा अभ्यास केला. सोल म्हणजे आत्मा. दुःख लपवायचं नाही आणि ताल सोडायचा नाही, असं त्याचं एकंदर दिसतं. पॉप म्हणजे जे सगळ्यांना लगेच पाठ होतं. दोन्हींत समाजप्रबोधन मिसळलं तर क्रांती होईल. हे आजवर कुणाला कसं सुचलं नाही, आश्चर्य आहे.

रात्रीच्या जेवणाआधी गाणं लिहून पूर्ण. शीर्षक ‘निर्जंतुक जीवन’. आठ कडवी. बाबांनी गुणगुणून पाहिलं आणि म्हणाले, विचार चांगलाय, पण यात श्वास घ्यायला जागा नाही. मी त्यांना सांगितलं की आशय दाट आहे.

११ फेब्रुवारी

पहिला कार्यक्रम. कामगारांच्या क्लबचा हॉल. ग्रुपचं नाव मी ‘सुस्वर कुटुंब प्रबोधन समूह’ ठेवलंय. निवेदकाची दोनदा जीभ अडखळली. सराव हवा.

‘निर्जंतुक जीवन’च्या दुसऱ्या कडव्याला पुढच्या रांगा चहाला उठल्या. चौथ्या कडव्याला मागच्या. पाचव्याला दादाने टिटवीकडे बघून डोळा मारला आणि तिने सरळ चादरींचं गाणं धरलं, ज्याला धड शब्दही नाहीत. लोक हातात कप घेऊन परत आले. दारात उभं राहून ऐकत होते. एक म्हातारे गृहस्थ रडत होते. टिटवीचा आवाज वरच्या पट्टीत गेला की तो तिथे जाऊन बसतो, चढल्यासारखा वाटतच नाही.

निष्कर्ष: माझ्या गाण्याने श्रोत्यांची मनोभूमी तयार झाली.

२ मार्च

मोठी त्रुटी सापडली. चादरींच्या सवयीने चौघं कोंडाळं करून, एकमेकांकडे तोंड करून गातात. लोकांना दादाची पाठ दिसते. स्टेजवरच्या वावराबद्दल मी जे पुस्तक आणलंय त्यात स्पष्ट लिहिलंय की प्रेक्षकांकडे नजर हवी.

लॉन्ड्रीच्या फरशीवर पांढरी चिकटपट्टी लावली. एका रेषेत उभे राहा, तोंड समोर. शिवाय दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे, मग गिरकी. बाबा गिरकी घेताना इस्त्रीच्या टेबलाला अडकले. आई म्हणाली, अगं, मला कुणाचे खांदेच दिसत नाहीत. मी म्हटलं, लोक चेहरे बघायला येतात, खांदे नाही. आई म्हणाली, लोकांचं नाही, माझं सांगतेय. तिला आधुनिक दृष्टी यायला वेळ लागेल.

९ मार्च

एक किरकोळ अडचण. गाण्यात मधेच खड्डा पडतो. चौघंही एकदम श्वास घेतात आणि गाणं क्षणभर गायब होतं. आजवर असं कधी झालं नव्हतं. दादा म्हणतो, बाई, दात पडल्यासारखं वाटतंय.

उपाय टिटवीनेच काढला. खड्डा येणार असं वाटलं की ती श्वास न घेता स्वर तसाच पुढे रेटते, जोर लावून. खड्डा बुजतो. शेवटी शेवटी तिच्या मानेची शीर फुगते, पण तेवढं लांबून दिसत नाही. मी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. ती लाजली. नेतृत्व असंच घडतं.

बाबांनी विचारलं, पुन्हा गोल उभं राहून बघू या का? मी म्हटलं, मागे वळून प्रगती होत नाही. हे वाक्य छान झालंय. कुठेतरी वापरायला हवं.

१७ एप्रिल

रेकॉर्ड कंपनीचे गृहस्थ कार्यक्रमाला आले होते! हॉलमध्येसुद्धा काळा चष्मा काढत नाहीत, म्हणून दादाने त्यांचं नाव लगेच ‘गॉगल’ ठेवलं. गॉगल म्हणाले की एकाच रक्ताचे चार आवाज, हे विकलं जातं. म्हणाले, ही मुलगी वर जाऊन थोडी फाटते ना, तेच सोल आहे, ते घालवू नका.

टिटवी पूर्वी फाटत नव्हती. म्हणजे हे माझ्या रचनेमुळेच आलं. घरी येताना मला चालताना जमीन लागत नव्हती.

३ मे

आमचं नाव आता ‘द घरचे’. गॉगल यांनी सुचवलं. मला उथळ वाटलं होतं, पण ‘सुस्वर कुटुंब प्रबोधन समूह’ पोस्टरवर मावत नाही म्हणाले. ‘निर्जंतुक जीवन’ पहिल्या रेकॉर्डमध्ये घेणार नाहीत. दुसऱ्यात विचार करू म्हणाले. माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

२६ जून

आमच्या रेकॉर्डमधलं गाणं सगळीकडे वाजतंय. न्हाव्याच्या दुकानात, बसमध्ये, आमच्याच रस्त्यावरच्या चपलांच्या दुकानात. मी तिथे जाऊन विनाकारण चप्पल बघितली. दुकानदाराला म्हटलं, हे गाणं बरं आहे नाही? तो म्हणाला, दिवसभर ऐकून डोकं उठलंय, पण मुलगी गाते चांगली. मी सांगितलं नाही मी कोण ते. मोठेपणा असा असावा. मग सांगितलं.

एका महिन्यात इतके कार्यक्रम आलेत की चादरी घडी करायला दोन बायका ठेवल्या. त्या काम करताना गात नाहीत. लॉन्ड्रीत फक्त मशीनचा आवाज येतो. बाबा मधूनच आत जाऊन उभे राहतात आणि परत येतात.

१४ जुलै

टिटवीचा आवाज सकाळी निघत नाही. दुपारपर्यंत येतो. दादा म्हणाला, टिटवीची कोंबडी झाली. ती हसायला गेली आणि नुसती हवा आली.

माझं मत: थकवा. मिठाच्या गुळण्या, लवकर झोप. वेळापत्रक करून भिंतीला लावलं. लवकर झोपेच्या तासांत सध्या कार्यक्रम आहेत, तेवढं ॲडजस्ट करावं लागेल.

८ ऑगस्ट

घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आईने हट्टच धरला होता. बाईंनी नळी घालून बघितलं. स्वरतंतूंवर गाठी आल्या आहेत. जोर लावून लावून येतात म्हणाल्या. आतापासून दोन महिने पूर्ण मौन, कुजबुजसुद्धा नाही. तसं केलं तर विरघळतील, नाही केलं तर हा आवाज कायमचा जाईल, आणि मग तो कुणालाही आणून देता येणार नाही. हे सगळं त्या टिटवीकडे बघून बोलल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. मी तेवढ्यात दोन मुद्द्यांची शंका विचारली, तर म्हणाल्या, तुम्ही जरा थांबता का?

टिटवी रस्ताभर माझा हात धरून होती. लहानपणी धरायची तसा.

९ ऑगस्ट

कालच्या सल्ल्याचा शांतपणे विचार केला. बाईंचा भर मौनावर आहे. मौन म्हणजे न बोलणं. गाणं हे बोलणं नव्हे. बोलण्यात माणूस बेशिस्त असतो, गाण्यात शिस्त असते. तेव्हा टिटवीने दिवसभर एक शब्द बोलायचा नाही आणि संध्याकाळी फक्त गायचं. म्हणजे तिची सगळी शक्ती वाचेल. ऑक्टोबरमध्ये मोठ्या नाट्यगृहात कार्यक्रम आहे, रेडिओवर थेट जाणार आहे. तो झाला की पूर्ण विश्रांती.

आई म्हणाली, मुलीचा घसा आहे तो, नळ नाही, संध्याकाळपुरता सोडायला. दादा म्हणाला, तारखा दिल्यात आता, काय करणार. बाबांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, तू वाचलंयस का कुठे असं? मी हो म्हटलं. मी बरंच वाचलंय. नेमकं हेच वाचलंय असं नाही.

टिटवीला विचारलं नाही, कारण तिचं मौन सुरू झालं होतं.

३० ऑगस्ट

मौन उत्तम चालू आहे. टिटवी टेबलावर बोटं वाजवून बोलते. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, तीनदा म्हणजे दादा, गप्प बस. घर शांत झालंय. मला वाटलं होतं या शांततेत माझं लेखन वाढेल. वाढलं नाही.

आई माझ्याशी कामापुरतंच बोलते. तीही मौनात सामील झालीय असं मी सकारात्मक घेतलंय.

१९ सप्टेंबर

कालच्या कार्यक्रमात वरचा स्वर दोनदा आलाच नाही. लोकांना वाटलं मुद्दाम थांबली. टाळ्या पडल्या. गॉगल आत येऊन म्हणाले, हे थांबणं फार भारी होतं, ठेवा. टिटवीने त्यांच्यासमोर भिंतीवर बोटं वाजवली. दोनदा. त्यांना काही कळलं नाही. मला कळलं, पण भाषांतर करायची ती वेळ नव्हती.

संकल्प: ऑक्टोबरनंतर तिला समुद्रावर न्यायचं. निळा ड्रेस आता सैल होतोय, तोही आत घ्यायला टाकायचा.

१२ ऑक्टोबर

मोठं नाट्यगृह. खचाखच. मी विंगेत उभी होते, हातात कार्यक्रमाचा क्रम.

तिसऱ्या गाण्यात टिटवीने वरचा स्वर घ्यायला खांदे उचलले. ते वरच राहिले. तोंड उघडं, आवाज नाही. बाकीचे तिघं समोर बघत होते, रेषेत, मी शिकवलं तसे. त्यांना दिसलंच नाही. दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे. खड्डा पडला आणि तो कुणी बुजवेना. मी विंगेतून खुणा करत होते की गिरकी घ्या. का, ते आता सांगता येत नाही.

मग बाबांनी मान वळवली. ते रेषेतून बाहेर आले, टिटवीसमोर जाऊन उभे राहिले, प्रेक्षकांकडे पाठ करून. आई आणि दादा आले. तिघांनी तिला मधे घेतलं आणि चादरींचं गाणं धरलं, हळू. तिच्या वाटणीच्या जागा आईने घेतल्या. टिटवी ओठ हलवत होती. नाट्यगृह उभं राहिलं. पाच मिनिटं तरी टाळ्या चालू होत्या.

गॉगल धावत आले आणि म्हणाले, ही मूव्हमेंट कुणाची? मी म्हटलं, माझी.

१३ ऑक्टोबर

ते मी का म्हटलं, याचा विचार नंतर कधीतरी शांतपणे करायचा आहे. मॅनेजरला अशा वेळी ग्रुपची बाजू सांभाळावी लागते, हे एक कारण आहेच.

टिटवीच्या रुमालावर रक्त होतं. डॉक्टरीणबाई मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी खुलासा केला असता.

६ नोव्हेंबर

ऑपरेशन झालं. गाठी काढल्या. पण त्यांच्याखालचा भाग फाटला होता, तिथे आता व्रण राहणार. बोलता येईल, घोगरं. गाता येणार नाही. मी विचारलं, खालच्या पट्टीत? बाई म्हणाल्या, नाही. मी विचारलं, काही वर्षांनी? आईने माझ्या दंडाला धरून मला बाहेर काढलं.

बाहेर बाकावर दादा बसला होता. तो मला प्राचार्यबाई म्हणेल असं वाटलं. म्हणाला नाही.

२८ नोव्हेंबर

टिटवी घरी आहे. पुन्हा चादरीचा कोपरा धरते. बाकीचे तिघं तिच्यासमोर गात नाहीत. चौघं मुकाट घड्या घालतात आणि तरी चादर खाली टेकत नाही. मी हे काउंटरवरून बघते. चिकटपट्टी फरशीवरून काढायला गेले, अर्धी निघाली, अर्धी चिकटून राहिली.

रोज लिहिण्याचा संकल्प होता. काही दिवसांत लिहिण्यासारखं नसतं.

५ डिसेंबर

गॉगल घरी आले. पहिल्यांदाच चष्मा काढला, डोळे अगदी साधे निघाले. म्हणाले, झालं ते वाईट झालं, पण ग्रुप थांबायला नको. त्यांच्याकडे एक मुलगी आहे, टिटवीच्याच वयाची, चेहरेपट्टीही मिळतीजुळती. आवाज चांगला आहे, फक्त तुमच्यात मिसळायला शिकावं लागेल. ती टिटवीच्या जागी उभी राहील. लोकांना सांगायची गरज नाही. नकार असेल तर लवकर कळवा, तिला दुसऱ्या एका ग्रुपचं बोलावणं आहे, आणि तुमच्या तारखाही मग त्यांना जातील.

ते गेल्यावर दादा म्हणाला, मला गायचंय, एवढंच सांगतो. बाबा म्हणाले, मला काही सुचत नाही. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, तूच ठरव, आजवर तूच ठरवलंयस. टिटवी बोटाने टेबलावरची रेघ पुसत होती. रेघ तिथे नव्हती.

ठराव: या वेळी घाई करायची नाही. प्रत्येकाशी स्वतंत्र बोलायचं. टिटवीशी सगळ्यात आधी. तिला बोलायला त्रास होतो, तेव्हा मी गप्प बसून ऐकायचं.

७ डिसेंबर

टिटवीशी बोलायला गेले होते. ती खिडकीत बसून बाहेर बघत होती, पाय हलत होता, तालात. मला गहिवरून आलं. वाटलं, हिला काय विचारायचं? तुझ्या जागी दुसरी मुलगी चालेल का, हा काय प्रश्न झाला? जखमेवरची खपली आपण काढायची नाही. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि परत आले. ती काहीतरी म्हणायला लागली होती, मी म्हटलं, राहू दे, ताण नको.

८ डिसेंबर, संध्याकाळ

वर्षभरात जे करायला हवं होतं ते आज केलं. आपल्या माणसाची जागा भाड्याने देता येत नाही. हे वाक्य मला दुपारी सुचलं आणि सुचताच पटलं. काउंटरवरून गॉगल यांना फोन लावला आणि सांगितलं की ‘द घरचे’ यापुढे गाणार नाहीत. त्यांना ते वाक्यही सांगणार होते. ते म्हणाले, बरं, मग मुलीला तिकडे पाठवतो, आणि फोन ठेवला.

आत जाऊन सगळ्यांना सांगितलं. दादाने हातातला कोपरा सोडला आणि बाहेर निघून गेला. बाबा म्हणाले, ठीक आहे, आणि त्याचा कोपरा उचलायला वाकले. आई टिटवीकडे बघत राहिली.

टिटवीने घसा साफ केला. तिला एक एक शब्द ओढून काढावा लागतो, मधे हवा जाते. मी तिला थांबवलं नाही. म्हणाली, ताई, मी त्या मुलीला गाणी बसवून देणार होते. आई नि मी ठरवलं होतं. जागा माझ्या मी दाखवणार होते तिला. काल तेच सांगत होते तुला.

मी विचारलं, तुला चालणार होतं?

तिने टेबलावर बोट वाजवलं. एकदा.

मी पुन्हा फोन लावला. गॉगल यांचा माणूस म्हणाला, साहेब तिला घेऊन निघाले, तिकडे सहीसुद्धा झाली असेल. तुमचा नकार आला तेव्हा ती इथेच बसली होती.